मार्चच्या आत

एक लाख अडतीस हजार पॉइंट,
मार्च संपला की शून्य.
तौनोने हे सांगितलं तेव्हा मी तळघरात
बटाटे निवडत होते,
कोंब फुटलेले एका टोपलीत, मऊ पडलेले दुसरीत.
म्हटलं, म्हणजे यांच्यासारखंच की.
तो म्हणाला, हो, फक्त सूप होत नाही त्यांचं.

सव्वीस वर्षं तो कागदाच्या गिरण्यांचे रूळ
दुरुस्त करत हिंडला.
उरुग्वे, सुमात्रा, चीनमधलं एक गाव
ज्याचं नाव त्याला अजून धड घेता येत नाही.
इकडे वार्काउसमध्ये मी पहाटे तीनला
बेकरीत उभी, काळ्या पावांना मधोमध भोकं पाडत.
त्याचं कार्ड निळं होतं, मग रुपेरी, मग सोनेरी.
लेकीचा पहिला दात पडला तेव्हा निळं.
सासूबाई गेल्या तेव्हा रुपेरी.
सोनेरी झालं त्या आठवड्यात
सौनाची शेगडी फुटली
आणि मी शेजारच्या ओस्मोला हाक मारली.
विमान कंपनी किलोमीटर मोजते.
मी रात्री मोजल्या,
वहीत नाहीत, पण एकही इकडची तिकडे नाही.

पॉइंट दोघांना मागे बसायला पुरत होते,
किंवा एकाला पुढे झोपायला.
त्याने विचारलंच नाही.
पुढचं तिकीट माझ्या नावावर निघालं,
मागचं त्याने रोख पैशांनी घेतलं, एकतीस ई, मधली सीट.
मला सवय आहे तिथे झोपायची, म्हणाला,
स्वतःच्या पलंगाबद्दल बोलावं तसं.
कुठे जायचं?
पॉइंट नेतील तिथे. बँकॉक निघालं.

हेलसिंकीला सोनेरी कार्डावर एक पाहुणा फुकट.
त्याने मला लाउंज फिरवून दाखवलं,
हे सूप, ही वर्तमानपत्रं, ही खिडकीजवळची खुर्ची माझी.
खुर्चीच्या हातावरून त्याचा हात सहज फिरला.
इतकी वर्षं त्याचं एक दुसरं घर होतं
आणि मी ते आज बघत होते.
सूपमध्ये शेपू कमी होता.
बोलले नाही.
दोनदा घेतलं.

विमानात योन्ना नावाच्या मुलीने
माझा कोट हँगरला लावला.
त्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या
आणि फडक्यात बांधलेला अर्धा पाव.
तिने तोही कोटाबरोबर अदबीने टांगला.
मग कापडी रुमाल, मग काचेचा ग्लास,
मग एक बटण दाबलं
आणि खुर्ची हळूहळू आडवी झाली,
पाटावर कणीक सैलावते तशी.
मी पडून राहिले.
पोटऱ्यांचा विश्वास बसेना.
चाळीस वर्षं उभ्या होत्या त्या,
त्यांना वाटलं कुणीतरी हाक मारेल.

झोप आली नाही.
विमान कंपनीच्या चपला घातल्या,
गरम बन आणि चीज रुमालात गुंडाळलं.
पडद्यापाशी योन्नाने अडवलं,
काही हवंय का? मी आणून देते.
म्हटलं, नवरा हवाय.
तिने पडदा हातभर सरकवला.

एकतीस ई.
हाताची घडी, हनुवटी छातीवर,
कोपरं आत ओढलेली,
दोन्हीकडच्या परक्यांना कुठेही न लागता
तौनो झोपला होता.
घरी तर तिरका पसरतो,
मला कडेला लोटतो, पांघरूण ओढतो.
असा झोपत होतास होय,
इतका लहान होऊन.

उठवलं नाही.
वाटेत उभी राहिले.
मलाही सवय आहे.
बन निवत गेला हातात,
कडेचा माणूस एक डोळा उघडून परत झोपला,
आणि पुढे, पडद्याच्या पलीकडे,
माझा पलंग रिकामाच
बँकॉकला चालला होता.